पाचव्या नंबरावर आत्याबाई

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, पंचाहत्तरीची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामी मीच आहे असं सर्वानुमते ठरलं. मी विमा कंपनीत साडेनऊ ते साडेसहा नोकरी करते. हा ठराव झाला तेव्हा मी ऑफिसातच होते. संध्याकाळी बिबवेवाडीत घरी पोचले, चप्पल काढली, आणि संपत, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अभिनंदन."

"कशाबद्दल?"

"आप्पांच्या सत्काराला दाखवायची फिल्म तू करणार आहेस. बारा मिनिटांची. सगळे मोबाईलवर बोलून पाठवतील. तू नुसतं जोडायचंस."

'नुसतं' हा शब्द ज्याने मराठीत आणला त्याने स्वतः आयुष्यात काही केलेलं नसणार. नुसता भात लाव, नुसतं बँकेत जाऊन ये, नुसतं जोड. पायगुड्यांच्या घरात मी तेवीस वर्षं नुसतीच काय काय करते आहे. पण आप्पांची पंचाहत्तरी होती आणि मुलगी बंगळुरूला जाताना तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली होती, त्यात व्हिडिओ जोडायचा प्रोग्रॅमही होता. मी हो म्हणाले नाही, पण नाहीही म्हणाले नाही, आणि आमच्या घरात त्याला हो म्हणतात.

हा प्रोग्रॅम कसा असतो ते सांगते. पडद्याच्या खालच्या भागात एक लांब पट्टी असते, तिला टाइमलाइन म्हणतात. प्रत्येकाचा व्हिडिओ त्या पट्टीवर विटेसारखा दिसतो. वीट माऊसने उचलायची आणि हवी तिथे ठेवायची. डावीकडचा माणूस आधी दिसणार, उजवीकडचा नंतर. बस, एवढंच. पंगत बसवण्यासारखं. आणि आमच्या घराण्यात पंगत बसवताना काय काय झालेलं आहे, हे चांगलं माहीत असताना मी त्या लॅपटॉपसमोर जाऊन बसले, याबद्दल मी कुणालाही दोष देत नाही. म्हणजे, देते. पण मलाही देते.

आठवड्याभरात व्हिडिओ आले. रामदासभाऊजी, माझे थोरले दीर, स्वतःच्या गाडीला टेकून बोलले होते. प्रेमलाताई, माझ्या थोरल्या जाऊबाई, पैठणी नेसून कुंडीशेजारी उभ्या होत्या. तात्याराव, आप्पांचे चुलतभाऊ, यांच्या व्हिडिओत त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा एवढंच दिसत होतं, पण आवाज खणखणीत होता. संपतच्या व्यापारी संघटनेचे अध्यक्ष रणजितशेठ यांनी मागे संघटनेचा फलक लावून घेतला होता. शिवाय आणखी तीन-चार जण. आणि सगळ्यांनी सांगितलेली गोष्ट एकच. बहात्तरच्या दुष्काळात आप्पांनी एकट्याने विहीर खणली.

ही आमच्या घराण्याची मोठी गोष्ट आहे. जिथे विहीर होती तिथे आता आमची चार मजली इमारत आहे. विहीर पार्किंगखाली गेली, तिच्यावर स्लॅब पडला आणि स्लॅबवर भाऊजींची गाडी उभी असते. पण आप्पा रोज सकाळी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि जो येईल त्याला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, ती विहीर दाखवतात. म्हणजे गाडी दाखवतात आणि म्हणतात, हिच्या खाली. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ही गोष्ट ऐकते आहे. माझी तक्रार नाही. प्रत्येक घरात काहीतरी असतं.

विटा मी आल्या तशा लावल्या आणि भाऊजींना दाखवल्या. पहिले रणजितशेठ होते, कारण त्यांचा व्हिडिओ पहिला आला होता.

"हा कोण?" भाऊजी म्हणाले.

"संघटनेचे अध्यक्ष."

"मला दिसतंय कोण आहे ते. आप्पांचा थोरला मुलगा कोण आहे?"

मी रणजितशेठना उचललं, भाऊजींना पहिलं बसवलं. लगेच प्रेमलाताई म्हणाल्या की मग त्यांच्या शेजारी मी हवी, सत्यनारायणाला आम्ही जोडीनेच बसतो. बरं. त्यांना दुसरं बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर तात्यारावांचा फोन.

"सूनबाई, मी रामदासच्या मागं? त्या पोराला शेंबूड पुसायला मी शिकवलंय."

"तात्या, वयाने तुम्ही मोठे, खरं आहे. बघते मी."

"बघती न्हाई. पयलं घे. न्हायतर माझं काढूनच टाक, मी कशाला येतो तिथं."

तात्यारावांना पहिलं घेते म्हणाले. ही बातमी आप्पांपर्यंत कशी पोचली ते मला अजून कळलेलं नाही, पण मी गेटातून बाहेर पडायच्या आत आप्पांनी खुर्चीतून हाक मारली. "त्या तात्याला शेवटी घाल. लोक जेवाया उठत्यात तवा." आप्पा आणि तात्याराव यांच्यात एका बांधावरून वाद होता. शेत जाऊन सोसायट्या झाल्या, बांध जाऊन कंपाऊंडची भिंत आली, वाद तिथेच आहे. आता भिंतीवरून आहे.

संध्याकाळी संपत म्हणाला, "रणजितशेठना एवढं मागे टाकलंस? मला रोज त्यांचं तोंड बघावं लागतं."

"मग तू जोड."

"मला कुठे येतं ते."

मला तरी कुठे येत होतं? पण माझं न येणं कुणी विचारात घेतलेलं नव्हतं. पुरुषाला येत नाही म्हणजे येत नाही. बाईला येत नाही म्हणजे तिने अजून प्रयत्न केलेला नाही.

आता यात सभागृहाची भर पडली. स्वारगेटजवळ एका न्यासाचं सभागृह आम्ही घेतलं होतं. मागे कधीतरी कुणीतरी वाढदिवसाच्या नावाखाली निवडणुकीचं भाषण दाखवलं म्हणून तिथे नियम झाला आहे, की पडद्यावर काही दाखवायचं असेल तर आधी लेखी अर्ज करायचा, फिल्म बारा मिनिटांच्या आत, आणि तीत कोण कोण बोलणार त्यांची नावं क्रमाने लिहून द्यायची. तीन प्रतींत. व्यवस्थापक भावे म्हणून एक गृहस्थ आहेत. ते अकरा ते एक या वेळात अर्ज घेतात. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले.

भाव्यांनी अर्ज वाचला. "दिग्दर्शक कोण?"

"दिग्दर्शक कुणी नाही. मी सून आहे."

"रकान्यात सून असं चालत नाही. दिग्दर्शक लिहा."

मी दिग्दर्शक लिहिलं. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "क्रमात बदल झाला तर नव्याने अर्ज."

"नुसता क्रम बदलला तरी?"

"क्रम बदलला म्हणजे यादी बदलली. यादी बदलली म्हणजे अर्ज चुकीचा ठरतो. चुकीचा अर्ज मी फायलीत ठेवत नाही."

बरोबर चार दिवसांनी मी दुसरा अर्ज घेऊन गेले. भाऊजी पहिले, तात्याराव दुसरे, रणजितशेठ तिसरे, प्रेमलाताई चौथ्या. हा क्रम मी तीन दिवस फोनवर बोलून, दोघांना खोटं सांगून आणि एकदा बसमध्ये रडून मिळवला होता. भाव्यांनी जुना अर्ज काढला, त्यावर लाल रेघ मारली, नवीन लावला आणि विचारलं, "तुमच्या घरात भांडणं आहेत का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले, आणि तेवढ्या एका शब्दात त्यांनी मला खोटारडी ठरवलं.

पुढचा प्रकार मात्र माझ्या हातून झाला, आणि तो सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. नवीन क्रम लावताना तात्यारावांची वीट मी उचलली आणि पुढे नेली. त्या पट्टीवर चित्राच्या खाली आवाजाची दुसरी वीट असते आणि दोन्ही एकत्र सरकायला हव्यात. माझ्या हातून काय दाबलं गेलं देव जाणे. चित्र पुढे गेलं, आवाज तिथेच राहिला. मला ऑफिसला उशीर होत होता. मी न पाहता ती फिल्म 'पायगुडे परिवार अधिकृत' या ग्रुपवर टाकली आणि बस पकडली.

मार्केट यार्डाच्या सिग्नलला फोन वाजायला लागला तो थांबेना. मी फिल्म उघडली. पैठणी नेसलेल्या प्रेमलाताई कुंडीशेजारी उभ्या होत्या, हात जोडत होत्या, गोड हसत होत्या, आणि त्यांच्या तोंडून तात्यारावांचा आवाज येत होता: "आप्पा आन मी एका लंगोटीवर वाढलोय." पुढे, "आमी दोघं वढ्यात उघडं पोहायचो." त्याच वेळी प्रेमलाताईंनी पदर सावरला.

ग्रुपवर एकशे चार जण आहेत. त्यातल्या साठ-एक जणांनी हसण्याची चिन्हं टाकली होती. प्रेमलाताईंच्या माहेरच्या कुणीतरी ते पुढे पाठवलंही. संध्याकाळी मी जिना चढत होते तर पहिल्या मजल्यावर त्या दारातच उभ्या.

"मुद्दाम केलंस."

"ताई, आवाज सरकला. मला कळलंच नाही."

"माझाच बरा सरकला. पैठणी बघवली नाही तुला."

त्यांनी दार लावलं आणि तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते तीन दिवस फार चांगले गेले.

आवाज जागेवर आणण्यासाठी मी आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या शेफालीला विचारलं. ती आयटीत आहे, घरूनच काम करते. ती खाली आली, कानातलं न काढता पडद्याकडे बघून म्हणाली, "काकू, हे अनलिंक झालंय. सिंपल आहे. सगळं सिलेक्ट करून लिंक करा." मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि शेफाली छत्तीसची, तिच्या भाडेकरारावर साक्षीदार म्हणून मीच सही केली आहे. पण ते सोडा. तिने दोन मिनिटांत आवाज जोडून दिला आणि जाताना म्हणाली, "आणि काकू, एवढी बोअर फिल्म कोण बघणार? सगळे सेम वेलचीच स्टोरी सांगतायत."

"विहिरीची," मी म्हणाले. पण ती गेल्यावर ते वाक्य मला डाचायला लागलं. पोरगी खरं बोलली होती.

तेवढ्यात तात्यारावांना कळलं की ते दुसरे आहेत. भाऊजींना कळलं की तात्यारावांना पहिलं करायचं घाटतं आहे. क्रम पुन्हा बदलला, आणि मी तिसऱ्यांदा स्वारगेटला गेले. आता माझी रजा संपत आली होती आणि साहेबांनी विचारलं होतं की घरी कुणी आजारी आहे का. मी भाव्यांपुढे अर्ज ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"सत्कारमूर्ती विवाहित आहेत?"

"आहेत."

"पत्नी हयात?"

"आहेत. म्हणजे, असं काय विचारता? आहेत की."

"मग यादीत नाहीत त्या. तिन्ही अर्जांत नाहीत. मी आपलं सहज बघितलं." त्यांनी शिक्का मारला आणि प्रत माझ्याकडे सरकवली.

मला इतका राग आला की मी पायऱ्या उतरून बसस्टॉपच्या पुढे चालत गेले. त्या माणसाचा आला, कारण त्याला काय करायचं होतं. घरच्यांचा आला, कारण आठ जणांनी आपापल्या नंबरासाठी माझा जीव खाल्ला आणि एकानेही आत्याबाईंचं नाव काढलं नाही. आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई, सोजरबाई, तळमजल्यावर राहतात, रोज त्यांच्या हातची भाकरी मी डब्यात नेते. सगळे व्हिडिओ मी पन्नास वेळा पाहिले होते. भाऊजींच्या मागून कुणीतरी चहाचा ट्रे घेऊन जातं, तो हात त्यांचा होता. मी तो हात फ्रेममध्ये नको म्हणून कापला होता.

रविवारी दुपारी मी खाली गेले. आत्याबाई मंडईतून आणलेले मटार सोलत बसल्या होत्या. आप्पा आत झोपले होते.

"आत्याबाई, फिल्मसाठी तुमचं घ्यायचंय."

"माझं काय घ्यायचं? ह्यांचं हाय ना सगळं."

"दोन शब्द बोला. आप्पांबद्दल. नाहीतर विहिरीबद्दल."

मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. त्यांनी दोन शेंगा सोलल्या. मला वाटलं, आता 'शंभर वर्षं जगा' म्हणतील आणि आपण सुटू. त्यांनी वर पाहिलं नाही. तसंच सोलता सोलता म्हणाल्या, "रामदास काय सांगतोय, किती फूट?"

"चाळीस."

"आन परेमला?"

"पन्नास."

"तात्या?"

"साठ. आणि ते रणजितशेठ म्हणतात ऐंशी फूट, तीही हाताने."

"बत्तीस," आत्याबाई म्हणाल्या.

आणि मग त्या बोलायला लागल्या. नऊ मिनिटं बोलल्या. आवाज चढवला नाही, हात थांबवला नाही. "बत्तीस फूट हाय. मी मोजलीया. तवा टेप कुठं व्हती? माझं लुगडं सोडलं, टोकाला धोंडा बांधला. नऊ वार आत गेलं, आन वर साडेतीन हात. मोजा तुमी. रामदास पोटात व्हता, पाचवा म्हैना. ह्ये खाली खांदायचे, मी पाट्या वर वढायची. दुपारी ह्ये वर यायचे, मी खाली जायची. एकट्यानं खांदली म्हनं. पानी लागलं तवा खाली कोन व्हतं? मी व्हते. पायाला गार लागलं म्हून वराडले. ह्ये वर बिडी वढत बसले व्हते. तवापास्नं लोक येत्यात, ह्ये सांगत्यात, एकट्यानं खांदली. मी च्या घेऊन येती, ठिवती, आन जाती. बावन्न वर्सं झाली. कुनी इचारलं न्हाई, म्हून मी सांगितलं न्हाई. आज तू इचारलंस."

मटार संपले. त्यांनी टरफलं गोळा केली आणि म्हणाल्या, "झालं का? का आनखी बोलू?"

मी वर आले, लॅपटॉप उघडला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला त्या पट्टीची भीती वाटली नाही. मी एकेकाची वीट घेतली आणि विहिरीच्या वाक्यावर कापली. भाऊजी, गाडीला टेकून: चाळीस फूट. प्रेमलाताई, पदर सावरत: जवळजवळ पन्नास. तात्यारावांचं कपाळ: साठ. फलकापुढे रणजितशेठ: ऐंशी, हाताने. चारी तुकडे एकाला एक चिकटवून अगदी सुरुवातीला ठेवले. शेवटी एक क्रम सापडला होता ज्यावर कुणाला भांडता येणार नव्हतं. मी सगळ्यांना खोलीप्रमाणे बसवलं होतं. आणि पाचव्या नंबरावर आत्याबाई, मान खाली, हातात शेंग: "बत्तीस." पुढे त्यांचंच अडीच मिनिटं. त्यानंतर सगळ्यांच्या शुभेच्छा, प्रत्येकी एक मिनिट, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. चौथा अर्ज मी भाव्यांकडे दिला. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं, पाचव्या नावावर थांबले, म्हणाले, "हं. आल्या." आणि शिक्का मारला.

घरी मी कुणालाही फिल्म दाखवली नाही. भाऊजींनी दोनदा मागितली. मी सांगितलं, सभागृहाचा नियम आहे.

सत्कार पुढच्या रविवारी सकाळी अकराला होता. दोनशे माणसं आली. आप्पा फेटा बांधून स्टेजवर, आत्याबाई खाली पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी प्रेमलाताई. मी मागे लॅपटॉपपाशी, आणि माझ्या बाजूला भावे घड्याळ घेऊन उभे. दिवे मालवले. भाऊजी पडद्यावर आले. चाळीस. प्रेमलाताई आल्या. पन्नास. तात्यारावांचं कपाळ येईपर्यंत मागच्या रांगा हसायला लागल्या होत्या, आणि ऐंशीला सगळा हॉल हसला, रणजितशेठसुद्धा हसले, कारण त्यांना वाटलं लोकांना त्यांचं बोलणं आवडलं. मग आत्याबाई म्हणाल्या, "बत्तीस," आणि पुढच्या रांगांतली डोकी रणजितशेठकडे वळली.

बिडीच्या वाक्याला पुन्हा हशा आला. पण "कुनी इचारलं न्हाई" याला कुणी हसलं नाही. मी आप्पांकडे पाहत होते. फेट्याखाली त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी त्या घरात तेवीस वर्षं काढली होती आणि आणखी तेवढीच काढायची होती, आणि मी दोनशे माणसांसमोर घरातल्या कर्त्या माणसाला खोटं पाडलं होतं.

बाकीच्या शुभेच्छा कुणी धड ऐकल्या नाहीत. दिवे लागले. भाव्यांनी घड्याळ पाहिलं, "अकरा मिनिटं पन्नास," म्हणाले, आणि निघून गेले. आता आप्पांनी सत्काराला उत्तर द्यायचं होतं. भाऊजींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. आप्पांनी त्यांना हाताने बाजूला केलं आणि माईक घेतला.

मग म्हणाले, "लुगडं आठवारी व्हतं."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना.

"नऊवारी न्हाई," आप्पा म्हणाले. "दुष्काळ व्हता. नऊवारी मिळत नव्हतं. आठवारी व्हतं, हिरवं. मंजी तीन फूट कमी, हीर एकोनतीस फूट."

पहिल्या रांगेतून आत्याबाईंचा आवाज आला. माईक नव्हता, तरी मागेपर्यंत ऐकू आला. "नऊवारी व्हतं. आईनं दिल्यालं."

"आठ."

"तुमी वर बसला व्हता. तुमाला काय ठावं?"

"मी वरनं टोक धरलं व्हतं त्याचं," आप्पा म्हणाले. "तू खाली व्हतीस. धोंडा सोडला तो माझ्याच हातानं." आणि मग लोकांकडे वळून, काहीतरी हिशेब चुकला होता तो दुरुस्त करावा तशा आवाजात म्हणाले, "पानी लागलं तवा तीच व्हती खाली. ते खरं हाय." एवढं बोलून त्यांनी माईक भाऊजींच्या हातात दिला आणि विचारलं, जेवण तयार आहे का.

माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

जेवताना भाऊजी माझ्याजवळ आले, ताट हातात धरून उभ्यानेच म्हणाले, "घरातली गोष्ट तू हॉलमध्ये नेलीस. आमचं हसं केलंस."

मला पंधरा दिवसांचं सगळं एकदम उफाळून आलं. "चार माणसं चार आकडे सांगत होती," मी म्हणाले, "ते हॉलमध्ये दाखवायलाच दिले होते ना तुम्ही? मी एक शब्द माझ्या पदरचा घातलेला नाही. क्रम तेवढा लावला. तुम्हाला पहिला नंबर हवा होता, तुम्हाला पहिलंच बसवलं." मला वाटतं मी जरा मोठ्याने बोलले, कारण वाढणारे थांबले. संपत मधे पडेल असं वाटलं. तो पडला, पण म्हणाला, "रणजितशेठ विचारतायत, त्यांची क्लिप वेगळी मिळेल का." मी त्याच्याशी बुधवारपर्यंत बोलले नाही.

प्रेमलाताई अजून बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, पन्नास हा आकडा त्यांना भाऊजींनी सांगितला होता आणि मग नवराबायकोत दहा फुटांचा फरक दाखवून मी त्यांच्या संसारावर बोट ठेवलं. तात्याराव मात्र खूश आहेत. ते सगळ्यांना सांगतात की पोरीनं आप्पाची जिरवली. आणि आप्पा सकाळी पार्किंगमध्ये बसतात, येईल त्याला गाडी दाखवतात, पण आता गोष्टीत लुगडं आलं आहे. आठवारी.

सोमवारी मी ऑफिसातून आले तर आत्याबाई दुसऱ्या मजल्यावर, आमच्या घरी, मी उघडाच ठेवलेल्या लॅपटॉपच्या समोर खुर्चीत बसलेल्या. त्या कधी वर येत नाहीत, गुडघे दुखतात. मी पर्स ठेवली. त्यांनी मला पाणीही पिऊ दिलं नाही.

"तू मला पाचव्या नंबराला बसवलं."

मी शेजारी खुर्ची ओढली आणि त्यांना समजावून सांगितलं. आत्याबाई, आधी त्या चौघांनी आकडे सांगायचे, वाढत वाढत जायचे, आणि मग तुम्ही बत्तीस म्हणायचं. म्हणून तर लोक हसले. तुम्ही आधी बोललात तर त्यात मजाच राहत नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ते समजलं," त्या म्हणाल्या. "पर मी पाचवी का?"

खरं सांगते, मी चिडले. त्या एका पट्टीपायी माझी रजा गेली होती, दोन माणसं अबोला धरून बसली होती, आणि जिच्यासाठी मी हे सगळं केलं तीसुद्धा आता नंबर मागत होती. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पट्टीवर आधी चौघांच्या चार विटा होत्या आणि मागे आत्याबाईंची.

मी माऊस हातात घेतला. त्यांची वीट उचलली, चौघांच्या पुढे नेली आणि सगळ्यात डावीकडे ठेवली. आवाज बरोबर आला की नाही ते तपासलं. मग फिल्म लावली. सुरुवातीलाच आत्याबाई मटार सोलत "बत्तीस" म्हणाल्या. कशाचे बत्तीस ते कुणालाच कळलं नसतं. मग त्यांचं सगळं बोलणं झालं, आणि नंतर भाऊजी, प्रेमलाताई, तात्याराव, रणजितशेठ एकामागून एक येऊन आपापले आकडे सांगून गेले. हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आत्याबाईंनी ती दोनदा पाहिली. "आता बराबर हाय," म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, भाकरी टाकायच्या होत्या.

फिल्म पार बिघडली होती. मी ती तशीच सेव्ह केली.